शंभर घरांची वानगी

नारळाचा ढीग विकत घेताना सगळे नारळ कुणी फोडून बघत नाही. घेणारा आपल्या हातानं पाच नारळ निवडतो, कानाशी हलवतो, फोडतो आणि त्या पाचांवर अख्ख्या ढिगाचा भाव ठरतो. याला वानगी म्हणतात. निवडायचं घेणाऱ्यानं. विकणाऱ्यानं हात मागं घेऊन उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हा रिवाज मी पंधरा वर्षं पाळला, तोंड बंद ठेवण्याचा भाग सोडून. पुढं एकदा माझीच वानगी निघाली. त्या वेळी नारळ नव्हते, घरं होती, आणि भाव ठरायचा होता तो माझ्या खरेपणाचा.

मानमोडीच्या साथीत नवरा गेला तेव्हा मी अठरा वर्षांची होते. सासरची वाडी दिरांकडे राहिली, माझ्या वाट्याला टोपली आली. ती डोक्यावर घेऊन मी नागाव, चौल, रेवदंडा पालथं घातलं. पुढं टोपलीची गाडी झाली आणि अलिबागच्या बाजारात बसायला जागा झाली. लिहायवाचायला मी शाळामास्तरांच्या बायकोकडून शिकले. आठवड्याला एक नारळ असं ठरलं होतं. तिला वाटलं, फक्त बाराखडी. मी म्हटलं, जोडाक्षरंही त्यातच. पावसाळ्यात नारळ महाग झाले तरी मी ठरलेला नारळ चुकवला नाही, आणि तिनं जोडाक्षरं चुकवली नाहीत.

मिठाची चळवळ होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. अलिबागला मुंबईच्या एका मंडळानं समाजसेविकांचा वर्ग काढला. चालवणाऱ्या बाई मुंबईहून आलेल्या होत्या. आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. त्या माझ्याकडे नारळ घ्यायला आल्या आणि शेकड्याच्या भावावरून आमची जुंपली. शेवटी माझ्याच भावात नारळ घेऊन त्या म्हणाल्या, "तुम्ही या सगळ्या गावांतून फिरता. घरं माहीत असतील तुम्हाला."

"घरं?" मी म्हटलं. "कुठल्या घरात कुठल्या दिवशी चूल पेटली नाही, ते सांगते."

त्या म्हणाल्या, "वर्गात या."

मी आधी विचारलं, त्यात मिळतं काय. त्यांनी सांगितलं ते असं: दोन महिने वर्गात शिकायचं, चार महिने गावोगाव जाऊन शंभर घरभेटी करायच्या. त्यांची वही मंडळाच्या चिटणीसांना पटली की परवाना. परवाना असलेल्या सेविकेला एक गाव मिळणार, महिन्याला पगार मिळणार, आणि तिनं चिठ्ठी लिहिली की गरीब बाईला इस्पितळात फुकट खाट मिळणार.

पगार मी बाजारात त्याहून जास्त कमवत होते. माझं लक्ष त्या चिठ्ठीवर गेलं. दारोदार फिरताना किती बायका बघितल्या होत्या, ज्यांना नुसतं इस्पितळाच्या पायरीपर्यंत पोचवणारं कुणी हवं होतं. मी नारळवाली. मी सांगितलं तर लोक म्हणायचे, नारळ किती ते सांग.

चौथीचा दाखला माझ्याकडे नव्हता. चिटणीस नको म्हणत होते. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, पांढरा कोट, काळी टोपी, खिशात साखळीचं घड्याळ. मी त्यांच्या टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि मोठ्यानं वाचायला लागले. एक बातमी झाली, दुसरी झाली. तिसरीला ते म्हणाले, "पुरे, पुरे. घ्या हिला."

वर्गात आम्ही बाराजणी. बाकीच्या अलिबागच्या चांगल्या घरच्या, सहावी-सातवी झालेल्या. माझं नाव पहिल्याच दिवशी नारळवाली पडलं. मला त्याचं काही वाटलं नाही, ते खरंच होतं. बाईंनी विचारलं, "अनोळखी घरात गेलात, पहिलं काय कराल?" एक म्हणाली, स्वच्छतेचं महत्त्व सांगीन. दुसरी म्हणाली, मुलांची नावं विचारीन. मी म्हटलं, "पाणी मागीन."

"का?"

"पाणी मागितलं की माठ कुठं आहे, झाकलेला आहे का, घेताना हात बुडवतात का, सगळं दिसतं. आणि ज्या बाईनं पाणी दिलं तिला मला हाकलता येत नाही."

बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. पण पुढं मी खाडीपलीकडं खारवी, आगरी, मुसलमान, सगळ्यांच्या घरचं पाणी पिते हे कळल्यावर दोघीतिघींनी माझ्याशेजारी बसणं सोडलं. मी तेवढी जागा पाय पसरायला वापरली.

राग हा माझा दोष बाईंनी लवकर ओळखला. वर्गात एकीनं सासू व्हायचं आणि दुसरीनं सेविका, असा सराव असे. माझी पाळी आली की सराव भांडणावर संपायचा. बाई म्हणायच्या, "तुम्ही जिंकायला जाता आहात. भेट म्हणजे सौदा नव्हे." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. अर्धं आजही पटलेलं नाही.

घरभेटींसाठी मी खाडीपलीकडचं गाव मागून घेतलं, कारण तिथं जायला कुणी तयार नव्हतं. मिठागरांच्या कडेला साठ-सत्तर घरं. निम्मी आगऱ्यांची, थोडी खारव्यांची, आणि एक आळी मुसलमानांची, जिथले पुरुष जहाजांवर असत. तिथं जायचं तर तरीनं, म्हणजे होडीनं, आणि तर चालते ती पाण्यावर. ओहोटीला तिथं गुडघाभर चिखल. त्यामुळं त्या गावाला घड्याळ नव्हतं, तारीखही नव्हती. तिथं तिथी होती. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हे तिथल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून विचारा.

म्हणून माझ्या वहीत मी तिथीच लिहीत गेले. तिथी, कुणाचं घर, काय बघितलं, काय केलं. शंभर भेटी भरल्या आणि वही घेऊन मी बाईंकडे गेले.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "चिटणीसांना इंग्रजी तारखा लागतात. उतरून काढा. उद्या द्यायची आहे."

इथं मी चुकले, आणि चूक माझीच होती. पंचांग मागायला कुणाकडे जायचं? ज्यांच्याकडे पंचांग होतं त्यांच्यासमोर मला अडाणी ठरायचं नव्हतं. मी पहिल्या भेटीची तारीख धरली आणि पुढं मोजत गेले. पंधरवडा म्हणजे पंधरा दिवस, दोन पंधरवडे म्हणजे तीस. ढीग मोजतात तसं. मधे एखादी तिथी गळते, पंधरवडा कधी चौदा दिवसांचाही होतो, हे मला काय माहीत नव्हतं? तृतीयेनंतर एकदम पंचमी आलेली मी स्वतः जगले होते. पण मोजताना हात मोजतो, डोकं मोजत नाही. चार महिन्यांत माझ्या तारखा दोन दिवस पुढं निघून गेल्या. मी आकडे भरले, वाचले नाहीत.

वह्या दिल्या त्या दिवशी चिटणीसांनी सगळ्यांसमोर एकेक चाळली. माझी घेतली, शेवटचं पान काढलं.

"बाई, ही शेवटची भेट कधी केलीत?"

"काल."

"वहीत उद्याची तारीख आहे."

वर्गात खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणालं, "उद्या जाऊन येणार असतील, म्हणून आधीच लिहिलं." पुन्हा हशा.

चिटणीसांनी हजेरीची वही मागवली. चार महिन्यांत दर दुसऱ्या सोमवारी आम्हाला वर्गात हजर राहावं लागे. त्यातल्या दोन सोमवारी माझी हजेरी होती आणि माझ्या वहीप्रमाणे मी त्याच दिवशी खाडीपलीकडं होते.

"घरी बसून लिहिलेल्या वह्या मला वासावरून कळतात," ते म्हणाले. "ही वही खोटी आहे."

मी उठले. टेबलापाशी कशी गेले ते आठवत नाही. हात आपटला तो दौतीजवळ आणि शाई सांडली. मी मोठमोठ्यानं काय बोलले तेही नीट आठवत नाही. बाई मागून माझा पदर ओढत होत्या एवढं आठवतं. चिटणीस शाई टिपत शांतपणे म्हणाले, "परवाना मिळणार नाही. बसा."

आणि मग माझ्या डोक्यात एकदम शांत झालं. बाजारात होतं तसं. गिऱ्हाईक उठून चालू लागलं की माझा राग जातो आणि अक्कल येते.

"साहेब," मी म्हटलं, "तारखा चुकल्या, घरं चुकली नाहीत. माझी मूळ वही तिथ्यांची आहे, ती ही बघा. वानगी काढा. शंभरातली कुठलीही दहा घरं तुम्ही निवडा. मी निवडणार नाही. माझ्याबरोबर चला आणि विचारा. एक खोटं निघालं तर शंभरही खाडीत टाका, मला मागं फिरून विचारू नका."

"मला इतका वेळ नाही. तीन."

"तीन म्हणजे चुटकीभर. सात."

"बाई, हा बाजार नाही."

"म्हणूनच सातावर आले, बाजारात दहाखाली उतरले नसते."

बाई हसल्या, आणि ते त्यांनी पदरात लपवलं. पाचावर ठरलं.

"आणि पाचही खरी निघाली," मी म्हटलं, "तर आत्ता जे सगळ्यांसमोर बोललात, ते सगळ्यांसमोर मागं घ्यायचं."

"बघू," चिटणीस म्हणाले.

त्या 'बघू'वर मी सौदा पक्का केला. पंधरा वर्षांच्या बाजारात असं कधी केलं नव्हतं. समोरचा 'बघू' म्हणाला की टोपली उचलायची, हे मी नवीन बायकांना शिकवत असे. पण त्या वेळी मला खाडीपलीकडचं एक घर दिसत होतं.

त्या घरात एक म्हातारी होती आणि तिची सून. सून बाळंत होऊन अडीच महिने झाले होते. दिवसेंदिवस ती पांढरी पडत चालली होती, नखं कागदासारखी, चार पावलं चालली की धापा. तिला इस्पितळात दाखवायला हवं होतं हे मला आंधळ्यालाही दिसलं असतं तसं दिसत होतं. म्हातारी ऐकत नव्हती. ती म्हणायची, "तुझ्या चिठ्ठीला कोण विचारतंय? तू नारळवाली." आणि ते खरं होतं. माझ्या चिठ्ठीला तेव्हा कुणी विचारलं नसतं.

जायचा दिवस ठरला. मी चिटणीसांना सांगितलं, "त्या दिवशी चतुर्थी. बाराच्या आत बंदरावर येऊ नका." ते म्हणाले, "दहाला निघू म्हणजे दुपारी परत." ते दहाला आले. समोर चिखल, चिखलात आडवी पडलेली होडी आणि तिच्या सावलीत तरवाला विडी ओढत बसलेला.

"तर कधी सुटणार?" चिटणीसांनी घड्याळ काढलं.

"पानी आल्यावर, रावसाब."

"पाणी कधी येणार?"

"पानी काय हपिसात न्हाय कामाला," तरवाला म्हणाला. "या बायला इचारा. तिला ठावं हाय."

मी गप्प राहिले. हात मागं घेऊन उभी राहिले म्हणा ना. साडेबाराच्या सुमाराला होडी हलली. चिटणीसांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

पलीकडं उतरल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला. घरं त्यांनी आधीच निवडली होती. पहिलं मुसलमान आळीतलं, नवरा जहाजावर गेलेला. दाराआडून बाईचा आवाज आला, "आमच्याकडे कोणी बाई येत नाही, साहेब. आम्ही कुणाला ओळखत नाही." त्या घरात मी सहा वेळा चहा प्यायले होते.

दुसऱ्या घरची बाई म्हणाली, "ही व्हय? ही नारळवाली. नारळ इकाया येते." आणि आत निघून गेली.

तिसऱ्या घरी माझा ताबा सुटला. "अगो, मागच्या पंधरवड्यात तुझ्या पोरीच्या खरजेला खोबरेल तेलात गंधक कालवून कुणी लावला? तुझ्या बापानं?"

ती जमिनीकडं बघत म्हणाली, "आमच्या पोरीला काय झालंच न्हाय." तिच्यामागं पोरगी उभी होती, कोपरापर्यंत पिवळीधमक.

आयुष्यात पहिल्यांदा मला ओरडायलाही सुचेना. चिटणीसांनी कागदावर तिसरी फुली मारली. "बाई, तीन झाली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट थोडी कीवच होती. ती मला जास्त लागली. "परत फिरायचं का?"

"पाच ठरली आहेत," मी म्हटलं. "चौथं कुठलं?"

चौथं त्या म्हातारीचं होतं. ते ऐकून मी मनातल्या मनात सगळं सोडलं. जिला मी नको होते अशी सबंध गावात ती एकच. बाकीच्यांनी मला ओळखलं नाही, ही कशाला ओळखेल?

म्हातारी अंगणात सुकट पाखडत होती. तिनं मान वर केली, पांढरा कोट बघितला, टोपी बघितली, वही बघितली. बाकीच्यांसारखं तिनं दार लावून घेतलं नाही. ती कुणालाच भीत नव्हती.

"आलीस?" ती मला म्हणाली. "आज सायबाला घेऊन आलीस काय माझ्या नातवाला टांगायला?"

चिटणीस पुढं झाले. "आजी, तुम्ही यांना ओळखता?"

"वळखत्ये? हिचं थोबाड बघितलं की माझा घास उतरत न्हाय!" सूप खाली ठेवून म्हातारी उभी राहिली. "तुम्ही सायब हाव ना? मग लिवून घ्या. पंचमीला आली ती, पानी दे म्हनाली, पानी पिऊन माझ्या माठात डोकावली. अष्टमीला आली, बाळंतिणीच्या खोलीत खिडकी हाय का म्हनाली, हाय म्हटल्यावर ती उघडलीन! शेगडी भायेर काढलीन! एकादशीला पयल्या तरीनं आली, माझी रताळी चुलीवर चढायच्या आत. उपासाच्या दिवशी माझ्या घरात सुनेला अंडं दे म्हनाली! आणि अमावास्येला, अमावास्येला सायब, तान्ह्या पोराला फडक्यात बांधून सुकटीसारखं वजनकाट्याला टांगलंन. नजर लागली तर कोन भरून देनार? ही?"

चिटणीसांनी माझी तिथ्यांची वही उघडली होती. पंचमी. अष्टमी. एकादशी. अमावास्या. त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं.

"आणि यानंतर?" त्यांनी विचारलं. आवाज बदलला होता.

"मंग प्रतिपदेला पुन्ना आली, तवा मी सूप फेकून मारलं."

चिटणीसांनी वहीत बघितलं आणि वाचलं, "'प्रतिपदा. सासूने सूप फेकून मारले. लागले नाही.'"

"लागलं न्हाय?" म्हातारी भडकली. "खांद्याला लागलं की चांगलं! खोटं लिवलंन बघा!"

त्या सबंध वहीत तेवढं एकच खोटं होतं, आणि ते मी अब्रूपायी लिहिलं होतं.

चिटणीस हसले. मी त्यांना त्याआधी कधी हसताना बघितलं नव्हतं. ते हसले तशी शेजारच्या कुडाआडून कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी. पिवळ्या हातांची पोरगी पळत आली आणि मला बिलगली. तिच्यामागून तिची आई, पदर तोंडावर.

"बाय, रागावू नको," ती म्हणाली. "आमाला मिठाचे सायब वाटले. तुझ्यासंगं आले तवा वाटलं, तुला धरूनच आनलंय. वळखते म्हटलं असतं तर तू बी अडकली असतीस."

चळवळीपासून त्या गावात प्रत्येक घरामागं मडकंभर घरचं मीठ असे. पांढरा कोट आणि वही म्हणजे ते मडकं बघायला आलेला माणूस, हे तिथं लहान पोरालाही माहीत होतं. मला वाचवण्यासाठी तिघी मला ओळखत नव्हत्या. जिला मला वाचवायचं नव्हतं तिनं मला वाचवलं.

चिटणीस म्हणाले, "पाचवं राहू द्या आता."

"पाच ठरली होती," मी म्हटलं. "पाच बघा." त्यांनी पाचवं बघितलं, आणि आधीच्या तिघींकडेही पुन्हा गेले. मुसलमान आळीत दाराआडून या वेळी चहाचे दोन कप बाहेर आले. त्यांनी एक घेतला, घोटभर प्यायले. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे थोडं बरं आहे, त्यात तो घोट आहे.

निघताना म्हातारीनं मला बाजूला ओढलं. "तो परवाना का काय, तो मिळाला की ये," ती हळू म्हणाली. "सून काल पान्यावरून येताना पडली. न्हाय मिळाला तर येऊ नको. नुसत्या बडबडीला मला येळ न्हाय."

पुढच्या सोमवारी परवाने वाटले. एकेकीला उठून जाऊन घ्यायचा होता. माझा हातात आला तेव्हा मी तिथंच उभं राहून वाचला. खाली शेऱ्याच्या जागी लाल शाईनं लिहिलं होतं, 'भेटवहीतील तारखा सदोष. विशेष सवलतीने.'

सवलत! मी सवलत मागितली नव्हती. वानगी दिली होती आणि ती पाचापैकी पाच निघाली होती. मी उभीच राहिले. चिटणीस माझ्याकडे बघत होते. मी वाट बघत होते, आता बोलतील. त्याच अकराजणी समोर होत्या, ज्या हसल्या होत्या.

"बसा," चिटणीस म्हणाले.

तो कागद फाडून त्यांच्या टेबलावर टाकायला मला क्षण लागला नसता. हात निम्मा वर गेलाही होता. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. माझ्या डोळ्यांसमोर कागदासारखी नखं आली. पडत्या भावात माल द्यावा लागतो अशी वेळ प्रत्येक विक्रेत्यावर एकदा येते. मी कागदाची घडी केली, चोळीत ठेवली आणि बसले.

त्याच दिवशी पाणी होतं तोवर मी पलीकडं पोचले. अंगणात परवाना उघडून म्हातारीसमोर धरला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मंडळाच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे लाल काय लिवलंय?"

"सवलत," मी म्हटलं.

"चांगली असते ना ती?"

मी तिथंच ओट्यावर बसून पहिली चिठ्ठी लिहिली. आधी तारीख घातली, निघताना बाईंना दोनदा विचारून घेतलेली, आणि तिच्याशेजारी तिथी. दुसऱ्या दिवशी सुनेला होडीत आडवी घातली. म्हातारी नातवाला घेऊन शेजारी बसली आणि सबंध वाटभर मला शिव्या देत आली. इस्पितळातल्या कारकुनानं चिठ्ठी उलटीसुलटी केली. "ह्या दोन-दोन तारखा कशाला?"

"एक तुमच्यासाठी," मी म्हटलं, "एक पाण्यासाठी." त्यानं खाट दिली.

सून महिनाभरानं चालत परत आली. पुढच्या अमावास्येला मी काटा घेऊन गेले तेव्हा म्हातारीनं नातवाला स्वतः फडक्यात बांधलं आणि आकड्याला अडकवलं. "मोज," ती म्हणाली, "पण तोंडानं आकडा बोलू नको. लिव."

दुसऱ्या वर्षीच्या वर्गाला नव्या भेटवह्या आल्या. तारखेच्या रकान्याशेजारी तिथीचा रकाना छापलेला होता. मी बाईंना विचारलं, हे कुणी केलं.

"चिटणीसांनी."

"माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पण तुमचा तो पाऊणपटीचा हिशोब त्यांनी मला दोनदा समजावून सांगितला."

ते मला पुरेसं वाटलं नाही. आजही वाटत नाही. रकाना छापायला पैसे लागतात, दोन शब्द बोलायला काही लागत नाही. परवाना अजून माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. तो शेरा मी दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी वाचते आणि दर वर्षी तेवढीच चिडते.

बाई मुंबईला परत गेल्या तेव्हा नव्या मुलींच्या वह्या बघायचं काम माझ्याकडे आलं. मी प्रत्येकीच्या वहीतली पाच घरं निवडते आणि भरती बघून स्वतः जाते. ज्या घरात भांडण झालं असेल ते पहिलं घेते. परत आल्यावर वर्ग भरला की त्या मुलीला उभी करते, बाकीच्यांना गप्प करते आणि मोठ्यानं सांगते, "हिची पाचही घरं खरी आहेत." मग तिला बसायला सांगते.

'बघू' मी कुणालाही म्हणत नाही.